माळ घातल्यावर माणूस बदलतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दरवर्षी सात दिवस ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. पहाटे काकड आरती, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. गेली चौदा वर्षं मंडळाचा हिशेब माझ्याकडं आहे. वर्गणीची पावती फाडताना लोक पैशापेक्षा प्रश्न जास्त देतात. मांडवामागं चहा पिताना तर विचारूच नका. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. मी कीर्तनकार नाही. स्वतः माळकरी आहे, पण कच्चा.

एका वाक्यात सांगा ओ, भक्तीनं माणूस बदलतो का?

ताट बदलतं, पेला बदलतो, उठायची वेळ बदलते. बांध बदलत नाही. एवढं आधी धरून चला, तपशील खाली येतोच.

माळ घालायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुळशीच्या मण्यांची माळ गळ्यात घालायची. पारायणाच्या किंवा एकादशीच्या निमित्तानं महाराजांच्या हातून ती घेतात. अटी सगळ्यांना पाठ असतात: मटण-मासे बंद, दारू बंद, महिन्याच्या दोन एकादश्या, रोज हरिपाठ आणि वर्षातून निदान एक वारी. आमच्याकडं आषाढीला भाताची लावणी अंगावर असते, कार्तिकीला सुगी. म्हणून गावची पायी दिंडी माघवारीला निघते. देवानं वारी ठरवली, पण पायी कधी निघायचं ते इथं भातानं ठरवलं.

माळ घ्यायला कुणी परीक्षा घेत नाही, फी नाही, कागद नाही. आणि ती घातली की शर्टाच्या कॉलरमधून सगळ्या गावाला दिसते. माझ्या मते निम्मं काम तिथंच होतं.

दारू सोडायची म्हणून माळ घातली तर दारू खरंच सुटते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायका. पारायणाच्या सहाव्या दिवशी एखादी वैनी पावतीच्या टेबलापाशी घोटाळत राहते, गर्दी कमी झाली की विचारते, "भावजी, आमच्यांना घालायला सांगा की."

सुटते. मी सुटलेली पाहिलीय. पण कशी सुटते ते बघा. आमच्या गावचा एक ट्रॅक्टरवाला रोज साताला सुटायचा तो थेट दुकानात. काल्याच्या दिवशी त्यानं माळ घेतली. पहिल्या आठवड्यात तो देवळात येऊन नुसता खांबाला टेकून बसायचा. ना टाळ वाजवायचा, ना तोंड उघडायचा. पुढं एका म्हाताऱ्यानं त्याच्या हातात टाळ दिले आणि म्हणाला, "माउली, आज माझा हात दुखतोय, एवढं धरा." म्हाताऱ्याचा हात बित काही दुखत नव्हता. हरिपाठाची वेळ सात. दारूचीही वेळ सातच. एका वेळेला माणूस एकाच ठिकाणी बसू शकतो. सहा वर्षं झाली, तो अजून टाळ धरतो, आणि ताल अजून चुकवतो.

शिवाय जुने दोस्त. बाकी कुठलंही कारण सांगा, पोट बिघडलंय, डॉक्टरनं नको म्हटलंय, ते ऐकून घेत नाहीत. "एकच घे" म्हणतात. माळ दिसली की मात्र स्वतःच पेला मागं ओढतात. माळकऱ्याला पाजल्याचं पाप आपल्या अंगावर कोण घेणार? म्हणजे त्याच्या भक्तीइतकीच दोस्तांची भीती कामाला येते.

टिकत नाही तेही पाहिलंय. ज्यानं माळ घेतली पण भजनात बसला नाही, त्याची माळ दिवाळीपर्यंत खुंटीला लागते. 'खुंटीला लागणं' म्हणजे खरोखरच खुंटीला: प्यायच्या आधी माळ काढून टांगायची, सकाळी आंघोळ करून परत घालायची. अशा माणसाला लोक हसतात. मला त्याच्याबद्दल थोडा आदर वाटतो. निदान माळ घालून पीत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्याला देवीचं वारं समजून अंगारा लावत बसू नका. माळ घाला, पण त्याआधी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या घेतल्यानं माळ बाटत नाही.

श्रावण पाळणारे, अय्यप्पाची माळ घालणारे यांचं काय? चार दिवसांचं नाटकच ना ते?

अय्यप्पाची माळ ४१ दिवसांची. काळे कपडे, अनवाणी, थंड पाण्याची आंघोळ, घरच्यांनीसुद्धा 'स्वामी' म्हणायचं. बेळगावात, खानापुरात दरवर्षी अशी पोरं दिसतात, आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यातली काही कुठं दिसतात तेही सगळ्यांना माहीत आहे. नवरात्रात नऊ दिवस पहाटे उठून दौडीला पळणारी पोरं दसऱ्यानंतर आठाशिवाय उठत नाहीत. श्रावण कडक पाळणाऱ्या घरांतूनच उंदरीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, मटणाच्या दुकानापुढं रांग लागते.

तरी मी याला नाटक म्हणणार नाही. ४१ दिवस न पिणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की आपण न पिता झोपू शकतो. ती माहिती त्याच्याकडं राहते. पुढं तिचं काय करायचं, तो बघेल.

मटण सोडलं, पण बांध कोरायचं सोडलं नाही. अशा माळकऱ्याला काय म्हणावं?

शेजारी म्हणावं. आमच्याच घरची गोष्ट सांगतो, म्हणजे दुसऱ्याचं काढलं असं नको. वडिलांचे चुलतभाऊ, मी त्यांना तात्या म्हणतो, पक्के वारकरी. एकादशी कधी चुकली नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. आणि दरवर्षी नांगरणीला त्यांचा औत आमच्या बांधाला एक वीत खातो. वीस वर्षांत किती झालं ते हिशेबनीसानं सांगायला नको. आमचे वडीलही माळकरी. दोघं एकाच पंगतीत बसतात, काल्याला एकमेकांच्या पाया पडतात आणि तारखेला एकाच एसटीनं कोर्टात जातात.

मी यावर बराच विचार केलाय. मटण खाल्लं की नाही, हे हो किंवा नाही असं असतं. गावाला दिसतं, स्वतःलाही दिसतं. बांध मात्र कुणीच कोरत नाही! तात्यांना विचारा, ते शपथेवर सांगतील की आमच्याच वडिलांनी पूर्वी सरकवला होता, ते फक्त जागेवर आणतायत. नेमाला धूसर जागा चालत नाही, आणि माणसाची हाव राहते नेमकी धूसर जागेत.

भाऊबिजेला बहिणीला साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सही घेणारे माळकरी भाऊ किती आहेत, मोजा. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. कीर्तनात त्याचा उल्लेख मी अजून ऐकलेला नाही. निपाणीकडं तंबाखू पिकवणारे माळकरी भेटतात. तोंडात घेत नाहीत, पिकवतात. मी एकाला विचारलं तर म्हणाला, "माळ गळ्यात आहे ओ, शेतात नव्हं."

दिंडीत सगळे माउली. गावात परतल्यावर?

दिंडीत सत्तर वर्षांचा म्हातारा वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतो, आणि पोरगा कुठल्या आळीतला ते विचारत नाही. हे खोटं नसतं. मी चाललोय, मला माहीत आहे. दहा-बारा दिवस माणूस खरोखर वेगळा होतो. झोपायला मिळेल ती जागा, जेवायला समोर येईल ते, आणि पायाला फोड आला तर मलम लावणारा कोण हे विचारायची सोय नसते.

गावची वेस आली की आळ्या परत सुरू होतात. एकदम नाही, आठवड्याभरात. हे आजचंच आहे असं नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे, आणि शतकानुशतकं वाऱ्या चालू असूनही दलितांना विठ्ठलाचं दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. इतकी वर्षं लाखो लोक 'भेदाभेद नको' गात त्याच दारातून आत गेले होते.

आमच्या मंडळापुरतं सांगतो. महाप्रसादाची भाजी कुणी चिरायची यावर पूर्वी न बोललेला नियम होता. तो मोडला कीर्तनानं नाही. एका वर्षी आचारी ऐन वेळी आला नाही आणि आठशे पानांची भाजी पडून होती. येईल त्यानं विळी धरली. पुढच्या वर्षी जुना नियम आठवायला कुणी तयार झालं नाही.

श्रद्धेनं वाईटही घडतं, त्यावर बोला.

बोलायलाच हवं, आणि बेळगाव जिल्ह्यात बसून यल्लम्माचं नाव न घेता बोलता येणार नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पुनवेला लाखो माणसं जातात, आमच्या गावातूनही गाड्या भरून जातात. आंबील-घुगऱ्याचा नैवेद्य, परडी, भंडारा, 'उदं गं आई उदं'. माझी आजी जायची. त्यात काही वाईट नाही.

पण याच देवीच्या नावानं पोरी सोडल्या. घरात मुलगा नाही, कुणी आजारी आहे, पोरीच्या केसात जट आली, अशा कारणानं गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, तिला 'दर्शन' म्हणतात, बांधली की ती देवाची झाली. देवाची म्हणजे लग्न नाही, आणि वयात आल्यावर गावातल्या पैसेवाल्यांची. जट म्हणजे न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांचा गुंता, दुसरं काही नाही, कात्रीनं सुटतो. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली पोरी सोडण्याविरुद्ध कायदे झाले. १९८२ च्या कायद्यानं पोर सोडणं गुन्हा ठरला, सोडणारे आईबाप किंवा नातेवाईक असतील तर शिक्षा आणखी कडक, आणि सोडलेल्या बाईचं लग्न कायद्यानं ग्राह्य झालं. तरी चोरून बांधलेल्या मण्यांच्या बातम्या नंतरही येत राहिल्या.

इथं माझं डोकं अडतं. ट्रॅक्टरवाल्याच्या गळ्यात मणी दिसले म्हणून लोकांनी पेला मागं ओढला. त्या पोरीच्या गळ्यात मणी दिसले म्हणून त्याच लोकांनी हात पुढं केला. तेही मणीच, हेही मणीच. मण्यांनी माणसाला बदललं असं म्हणायचं की गळ्याकडं बघणाऱ्यांना? मला दुसरं जास्त खरं वाटतं.

मनात श्रद्धा नसेल, नुसतं गावासाठी पाळलं, तर काही उपयोग आहे का?

वार पाळणूक बघा. गावात लक्ष्मीची यात्रा ठरली की आधी काही आठवडे ठरलेल्या वारी शेतकाम बंद. औत नाही, बैलगाडी नाही, गिरणीसुद्धा बंद. देव मानणारा आणि न मानणारा दोघंही घरी. बैलांना सुट्टी मिळते, रानाला विसावा. बायकांना मात्र कसली सुट्टी, घरात सगळी पुरुषमंडळी बसलेली असल्यामुळं त्या दिवशी चुलीवर जास्तच काम.

यात्रेआधी रस्ते होतात, घरं रंगतात, वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ पावण्यांपुरतं का होईना बोलतात. आणि देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर, बसली की घराघरात पावण्यांच्या पंगती, बकरी, आहेर. त्यापायी सोसायटीचं कर्ज, वर हातउसने. यात्रेनंतर दोन वर्षं फेडत बसलेली घरं मला माहीत आहेत. श्रद्धा नव्हती, इभ्रत होती.

लिंगायत, जैन, मुसलमान शेजाऱ्यांचं काय निरीक्षण?

थोडक्यातच सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरातलं मला अर्धंच दिसतं. लिंगायतांचं इष्टलिंगही अंगावरच असतं. बसवण्णांनी बाराव्या शतकात कायक म्हणजे कष्ट हीच पूजा ठरवली आणि मिळालेल्यातून दासोह, म्हणजे इतरांना वाटणं, करायला सांगितलं. आमच्या बाजारपेठेतले जुने लिंगायत दुकानदार मठाचा वाटा आधी बाजूला काढतात, मग गल्ला मोजतात.

चिकोडी-निपाणी भागातले शेतकरी जैन सूर्य मावळायच्या आत जेवतात, मग ऊसतोड चालू असो की लग्न. या भागातल्या भोजचे आचार्य शांतिसागर, जन्म १८७२, पुढं दिगंबर मुनिपरंपरेचे मोठे आचार्य झाले आणि १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून, गेले. त्यांच्यासारखं कुणी होत नाही, पण त्या गावांत दिवेलागणीआधी स्वयंपाकघर आवरलेलं असतं ते अशांच्याकडं बघून.

रमजानमध्ये माझा गॅरेजवाला मित्र रोजा धरून भर उन्हात जीपखाली झोपतो. त्या महिन्यात शिवी देत नाही. दर वाढवतो, पण शिवी देत नाही.

संन्याशाचं तरी वागणं पूर्ण बदलतं की नाही?

बेळगावचीच गोष्ट ऐका. ऑक्टोबर १८९२ मध्ये विवेकानंद बेळगावला भाटे वकिलांकडं उतरले होते. तेव्हा ते जगाला माहीत नव्हते, शिकागो अजून वर्षभर लांब होतं. जेवण झाल्यावर त्यांनी पान-सुपारी मागितली, मग तंबाखूही. घरचे चक्रावले. संन्यासी कसा असावा, याचं त्यांच्या डोक्यात एक चित्र होतं आणि पाहुणा त्यात बसत नव्हता. मांसाहाराबद्दल विचारलं तर मिळेल ते खातो असं उत्तर. मग बोलणं सुरू झालं आणि गाव ऐकायला लोटलं.

आमच्या मांडवात आज असा कुणी आला तर तंबाखूची पुडी दिसल्यावर त्याला प्रवचनाला बसवतील का? नाही बसवणार. मीसुद्धा नाही, आधी विचारीन.

याचा कुणी नीट अभ्यास केलाय का, की सगळं गावगप्पांवर?

केलाय. १९७३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला एक प्रयोग छापून आला. धर्मोपदेशक व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस मुद्दाम कण्हत बसवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेले ४५ टक्के, आणि 'उशीर झालाय' असं सांगितलेले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कुठला यानं फारसा फरक पडला नाही. आमच्या हरिपाठाला पळणाऱ्या मंडळींनी हे जरूर वाचावं.

उलट बाजूही आहे. पाकिस्तानात तेव्हा हजला जायला अर्ज जास्त यायचे म्हणून सोडत काढायचे. २००६ च्या सोडतीत नंबर लागलेले आणि न लागलेले अशा दोन्हींकडं जाऊन संशोधकांनी प्रश्न विचारले; निष्कर्ष २००९ मध्ये आले. जाऊन आलेले नमाज-रोजाला पक्के झाले होतेच, शिवाय इतर पंथांबद्दल, इतर धर्मांबद्दल जास्त मोकळे आणि मुलींच्या शिक्षणाला जास्त अनुकूल. तऱ्हेतऱ्हेच्या देशांतल्या लोकांसोबत राहिल्याचा हा परिणाम असावा असं त्यांना वाटलं. दिंडीत चाललेल्याला हे पटायला अवघड नाही. मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये दुकानदारांना दान करायची संधी दिली, तर अजान कानावर पडत असताना ते जास्त उदार झाले. अजान थांबली की कमी. म्हणजे आमच्या काकड आरतीसारखंच, स्पीकर बंद झाला की परिणामही ओसरतो.

आणि ताटाबद्दल: २०२१ मध्ये आलेल्या प्यू संस्थेच्या भारतभरच्या पाहणीत, सुमारे ३०,००० लोकांपैकी ३९ टक्क्यांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं, पण मांसाहारावर वाराचं, सणाचं किंवा प्राण्याचं काहीतरी बंधन पाळणारे ८१ टक्के निघाले.

देव न मानणारा माणूस चांगला वागू शकतो का?

आमच्या मंडळाचे हिशेब दरवर्षी एक निवृत्त गुरुजी तपासतात. ते देवळात येत नाहीत, पारायणाला वर्गणी देत नाहीत. महाप्रसादाला येतात. पहिल्यांदा त्यांचं नाव मीच सुचवलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "देव न मानणाऱ्याकडं देवाचा हिशेब?" विणेकरी आबा म्हणाले, "त्यालाच द्या. तो देवाला घाबरून पैसे सोडणार न्हाई, आणि आपल्यालाबी." एका वर्षी त्यांनी ३४० रुपयांची चूक काढली. माझीच होती.

लहान मुलांना माळ घालावी का?

मागितली तर. हट्टानं नको. डब्यातल्या ऑम्लेटपायी शाळेत खोटं बोलायला शिकतात.

माळ तुटली तर काय करायचं?

नवी घालेपर्यंत किंवा तीच ओवून घेईपर्यंत जुने लोक अन्नपाणी घेत नाहीत. चार वर्षांपूर्वी लावणीच्या वेळी वडिलांची माळ चिखलात तुटली. दुपारचे बारा, पाऊस, आणि ते पाणीसुद्धा प्यायला तयार नाहीत. वय अठ्ठ्याहत्तर. मी मोटारसायकल काढून खानापूरला निघणार तेवढ्यात तात्या त्यांच्या रानातून आले. काही न विचारता चिखलात वाकले. दोघं म्हातारे गुडघाभर चिखलात मणी चाचपत होते आणि मी छत्री धरून उभा. एक्क्याऐंशी मणी सापडले. तात्यांनी खताच्या पोत्याचा दोरा उसवला, बांधावर बसून ओवला, गाठ मारली आणि माळ वडिलांच्या गळ्यात घातली. मग स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं.

ज्या बांधावर बसले होते, त्याची केस अजून चालू आहे. तो दोराही अजून वडिलांच्या गळ्यात आहे, पिवळा पडलाय.